माकडहाड, फेरिटिन आणि आतकरवाडी

परवाच्या रविवारी पुण्याजवळच्या कात्रज-सिंहगड डोंगररांगेत सातव्या टेकडीखाली मी एका दगडावर बसले, पाण्याचे दोन घोट घेतले आणि घरी गेले. हकीकत एवढीच. पाय मुरगळला नव्हता, पोट बिघडलं नव्हतं, पाऊसही नव्हता. पहाटे साडेचारला जुन्या बोगद्यापाशी बॅटऱ्या लावून निघाले तेव्हा हवा इतकी छान होती की आज काहीतरी चांगलं होणार, असं उगाच वाटलं होतं. ठरलेलं असं: सगळ्या तेरा टेकड्या (आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो), मग डांबरी रस्त्याने सिंहगड आणि आतकरवाडीच्या पायवाटेने खाली. प्रत्यक्षात मी शिवापूरच्या अंगाला उतरणारी एक ढोरवाट धरली, तासाभराने रस्त्याला लागले आणि दुधाच्या टेम्पोत रिकाम्या कॅनना टेकून कात्रजला आले.

नवऱ्याने फोनवर विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"मग?"

त्या "मग?"ला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तेच आठवडाभर डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा आहे, म्हणजे डोंगरातली लांब पल्ल्याची शर्यत. गेल्या वर्षी मी त्यातली पंचवीस किलोमीटरची केली आणि शेवटचा तासभर मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. संध्याकाळी भाकरी खाताना मात्र म्हटलं, पुढच्या वर्षी पन्नासची. तीन गड, एका दिवसात, तेही कटऑफच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळेच्या आत. आमच्याकडे आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) तेव्हाच विचारलं होतं, "एसटी नाही का जात तिकडे?"

मी बेचाळीस वर्षांची आहे आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सात ते तीन लोकांचं रक्त काढते आणि मशिनला लावते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढची गोष्ट त्यामुळे जास्त लाजिरवाणी होते.

सिंहगड आतकरवाडीने चढायचा म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या आत साधारण सहाशे मीटर उंची. पुण्यात पळणाऱ्या-चालणाऱ्यांची ही मोजपट्टी आहे. तुमची नोकरी, गाव, जात कोणी विचारत नाही, "आतकरवाडीने किती वेळ?" हे विचारतात. माझा बरा दिवस म्हणजे पुणे दरवाज्यापर्यंत ५४ मिनिटं. मे महिन्यात ६३ लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ७१. मग एका शनिवारी ७८, आणि त्यात चार वेळा थांबून, कमरेवर हात ठेवून, समोरचा डोंगर बघत असल्याचं नाटक. अर्ध्या वाटेवर ताक विकणाऱ्या मावशी मला पाच वर्षं ओळखतात. त्या म्हणाल्या, "ताई, आज बरं नाही का?" मी म्हटलं, "दमट आहे ना हवा." त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि न मागता ताकात मीठ जास्त घातलं.

हवा दमट आहे. झोप पुरत नाही. वय झालं. बूट जुने झाले. यातलं शेवटचं कारण सर्वांत सोयीचं, कारण त्यावर पैसे खर्च करता येतात. नवे बूट आणले. नव्या बुटांत ८० मिनिटं.

त्या दिवसांत स्ट्राव्हा (धावण्या-चालण्याच्या नोंदींचं अॅप) उघडणं म्हणजे खपली काढून बघण्यासारखं झालं होतं. ग्रुपमधली एकजण राजगडाला दोनदा चढली-उतरली, दुसऱ्याने वेताळ टेकडीवर पहाटे सात फेऱ्या मारल्या, आणि खाली लिहिलं, 'ईझी डे'. मी अंगठा दाबायचे आणि ठरवायचे की मी मुळात धावणारी नव्हेच. एका मैत्रिणीच्या नादाने टेकडीवर जायला लागले, अंगावर टी-शर्ट चढला, लोक रनर म्हणायला लागले, आणि हे सगळं आता उघडं पडतंय. रात्री असं वाटायचं. सकाळी परत बूट घालायचे. ती चिकाटी होती असं नाही, गजर आधीच लावलेला असायचा एवढंच.

जुलैच्या पहिल्या सोमवारी लॅबमध्ये गर्दी कमी होती. जिना चढून आल्यावर मी धापा टाकतेय हे पाहून आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी माझी खालची पापणी ओढली आणि नुसतं म्हणाल्या, "बाई गं." सहकाऱ्याने रक्त घेतलं. मशिनमधून कागद आला: हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७०. मी तो कागद दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाचला. सवयच आहे. मग स्लाईड करून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. निरोगी लाल पेशी मधे किंचित फिकट असते. माझ्या पेशींचा मधला भागच नव्हता म्हणायचा, नुसत्या कडा. कासाराने बांगड्या ओतून ठेवाव्यात तशा दिसत होत्या. अधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबुडक्या. हे चित्र मी आजवर हजारदा पाहिलंय, शिकाऊ मुलींना दाखवून "हे काय, सांगा" विचारलंय. दुपारी फेरिटिन आलं: ६. फेरिटिन म्हणजे शरीराने लोह साठवलेलं कोठार. माझ्या कोठारात उंदीरही उपाशी मेले असते.

त्या रात्री मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. आनंद झाला. मी आळशी नव्हते, म्हातारी नव्हते, ढोंगी नव्हते. मला आकडा मिळाला होता, आणि खाली छापील रेंज होती. दोन वर्षं पाळीत जास्त जातं हे माहीत असूनही 'बघू नंतर' करत होते. वर धावणं आणि जेवल्याजेवल्या कपभर चहा. चहाने लोह नीट शोषलं जात नाही हे मी पेशंटना तोंडपाठ सांगते. सांगून झालं की आत जाऊन चहा पिते.

डॉक्टरांनी गोळी दिवसाआड घ्यायला सांगितली, सकाळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर. मोठी धाव झाल्यावर पुढचे काही तास घ्यायची नाही, कारण त्या वेळात शरीर लोह आत घ्यायला फारसं तयार नसतं. त्या गोळ्यांचे पोटावर जे परिणाम होतात ते इथे लिहीत नाही, ज्यांनी घेतल्यात त्यांना ठाऊक आहेत. आईंनी हळीव, खजूर, लोखंडी कढईतली मेथी असा मोर्चा उघडला. जेवणानंतर माझा चहा बंद झाला याचा सर्वांत जास्त त्रास त्यांनाच झाला, कारण त्यांना एकटीला करून घ्यावा लागतो.

ऑगस्टच्या मध्यावर हिमोग्लोबिन ११.१. आतकरवाडी ६२ मिनिटं. वर झुणका-भाकरीच्या टपरीत एकटी बसून मी इतकी खूश होते की दह्याची दोन मडकी खाल्ली.

आणि उतरताना पडले.

पावसाळ्यात त्या वाटेवरच्या कातळाला हिरवट-काळं शेवाळ धरतं, ते ओलं असताना चमकतं तेव्हा तरी दिसतं. नुकतंच धुकं आलं की चमकही जाते. मी घाईत नव्हते. उजवा पाय सरकला, दोन्ही पाय समोर गेले आणि मी सबंध वजनानिशी माकडहाडावर बसले. आवाज झाला. मागच्या काकांनी "अरे अरे अरे" म्हणत आधी माझा फोन उचलला. एक्स-रेत काही मोडलं नव्हतं. पण पंधरा दिवस मी ऑफिसात मधे भोक असलेल्या उशीवर बसत होते, आणि रक्त द्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला ती उशी दिसत होती.

पंधरा दिवसांनी परत गेले. चढले ६० मिनिटांत. उतरायला ६९ लागली. हो, चढण्यापेक्षा जास्त. उताराच्या तोंडाशी उभं राहिलं की मांड्या लाकडाच्या व्हायच्या. पाय पुढे टाकायच्या आधी मी तो तीनदा मनात टाकून बघायचे. काही ठिकाणी चक्क बसून, हात टेकून घसरत आले. लहान मुलं अशी उतरतात आणि त्यांना मजा येते.

गंमत अशी की भीतीने माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की वजन टाचेवर जातं, तळव्याची पकड सुटते आणि पाय सरकतोच. मला हे माहीत आहे. मैत्रिणीने दहा वेळा सांगितलंय: नाक पायाच्या बोटांच्या पुढे, पावलं छोटी आणि भराभर, नजर चार पावलं लांब. तळजाई टेकडीवर मुरमाच्या उतारावर मी हे बरं करते. गडाची वाट आली की विसरते.

सप्टेंबरअखेर रिपोर्ट: हिमोग्लोबिन १२.३, फेरिटिन २१. मॅडम म्हणाल्या, "छान." मी हसले खरी, पण पोटात गोळा आला. आता काही झालं तर सांगणार काय?

आता तो रविवार. सहावी टेकडी उतरत होते. उजाडलं होतं, सगळीकडे सोनकी फुललेली, गवत कमरेएवढं. या दिवसांत शेवाळ वाळतं आणि त्याची जागा घसारा घेतो, वाळलेल्या मातीवर बारीक खडे, बॉल बेअरिंगवर चालल्यासारखं. मी काठी रोवून, तिरकी होऊन, एकेक पाऊल टाकत होते. मागून कॉलेजची पाच-सहा मुलं आली. साधे बूट, एकाच्या हातात स्पीकर. धाडधाड उतरून गेली. त्यातला एक थांबला, वळला आणि अगदी मनापासून, आदराने म्हणाला,

"काकू, हात देऊ का?"

मी हात दिला. त्याने मला चार पावलं खाली आणलं, "सांभाळून हां" म्हणाला आणि पळाला. चांगल्या घरचा मुलगा. त्याच्यावर माझा काडीचाही राग नाही. पण खाली आल्यावर समोर सातवी टेकडी दिसली, तिच्यामागे आठवी, आणि त्या सगळ्यांचे चढ मला दिसेचनात, फक्त त्यांच्या पलीकडचे उतार दिसायला लागले. मग डिसेंबरातली शर्यत: राजगडाहून संजीवनी माचीवरून उतरायचं, बुधला माची चढून तोरण्यावर जायचं आणि सगळ्यात शेवटी, पन्नास किलोमीटरचे पाय घेऊन, तोरण्यावरून वेल्ह्याकडे तो रेलिंगवाला कातळ आणि खालचा घसारा. मी दगडावर बसले. पुढचं सांगितलंच आहे.

घरी आल्यावर अंघोळ करून झोपले. दुपारी आईंनी विचारलं, "आज लवकर?"

"भीती वाटली उतारावर."

इतक्या सरळ शब्दांत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आई निवडत होत्या ती मेथी थांबवून म्हणाल्या, "मला अजून सरकत्या जिन्याची वाटते. मॉलमध्ये मी लिफ्टनेच जाते." आणि परत निवडायला लागल्या. मी वाट बघत होते की पुढे काही म्हणतील, त्यांची आई किंवा आजी डोक्यावर मोळी घेऊन कशी डोंगर उतरायची वगैरे. काही नाही. तेवढंच. मग म्हणाल्या, "लसूण सोल."

मंगळवारी मैत्रिणीला फोन केला. तिने सहानुभूती दाखवली नाही. शनिवार मोकळा आहे का, एवढंच विचारलं. ती म्हणते, चढ तुला येतो, त्याचा सराव करत बसू नकोस, सोपं ते परत परत करून आपण मेहनत केल्यासारखं वाटतं. हे मला लागलं, कारण खरं आहे. आतकरवाडीच्या वेळाची मी वही ठेवलीय, चार वर्षांची. त्यात उतरल्याची वेळ कधी लिहिलेलीच नाही. तो रकानाच नाही.

आज तो आखला. पहिली नोंद ६९ मिनिटं, मागची तारीख घालून.

शनिवारी वेल्ह्याहून तोरणा. वर जायला कितीही वेळ लागू दे, खाली रेलिंगच्या टप्प्यापासून पठारापर्यंतचा तुकडा तीनदा उतरायचा. पहिल्यांदा ती पुढे आणि मी तिच्या पावलात पाऊल टाकत. दुसऱ्यांदा मी पुढे. तिसऱ्यांदा मी एकटी, ती खाली उभी राहणार. तिने "हळू हळू" म्हणायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही आणि काहीही झालं तरी हात पुढे करायचा नाही, असं ठरलंय. ती भोकाची उशी मी गाडीत टाकून ठेवलीय.

शनिवारी गोळीचा दिवस नाही, त्यामुळे निघण्याआधी चहा घेता येईल.