पाणी काळं पडलं की वारं येतं

मामा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, बामणोलीला बोट चालवतात. वासोटा किल्ल्याला जाणारी माणसं पलीकडे सोडायची, दिवस कलला की परत आणायची. रजेवर आले की दोन दिवस तरी मी त्यांच्याकडे जातेच. यंदा त्यांनी विचारलं, "तिकडं हॉलंडात सुट्टीच्या दिवशी करतेस काय?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. पाण्यावर फळी, फळीवर शीड आणि शीड धरून उभी मी. विंडसर्फिंग. मामांनी फोटो मोठा करून बघितला. "ह्याला सुकाणू कुठाय?"

बोटवाल्याचाच प्रश्न! सुकाणू नसतंच. डोलकाठी चहूबाजूंना कलेल अशा सांध्यावर बसवलेली असते. ती पुढं कलवली की फळीचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागं कलवली की वाऱ्याकडे.

आम्ही जातो ते आयसेलमेर तळ्यावर. 1932 पर्यंत तो खारा समुद्र होता. 32 किलोमीटरचा बांध घालून त्याचं तोंड बंद केलं आणि हळूहळू पाणी गोडं झालं. हिंदेलोपन गावाच्या काठाला ते उथळ आहे आणि नैर्ऋत्येचा वारा काठाकडे येतो. वारा काठावरून आत वाहत असेल तर मी उतरत नाही, तो माणसाला लांब घेऊन जातो.

फोटोतल्या त्या शनिवारी वारा ताशी तीसेक किलोमीटरचा होता. चाळकेवाडीला पवनचक्क्यांखाली उभं राहिलं की ओढणी सावरत नाही, तसा. मी पाच चौरस मीटरचं शीड लावलं. कमरेच्या पट्ट्याचा आकडा शिडाच्या दोरीत अडकवला, म्हणजे ओढ हातांवर न येता अंगावर येते. आधी फळी लाटांवर थाड थाड आपटत होती. मग झोत आला, फळी वर उचलली गेली आणि आपटणं एकदम थांबलं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा नुसता चर्रर्र आवाज. त्या आवाजासाठी मी आठवडाभर हवामानाचा अंदाज बघत असते.

मामा बराच वेळ गप्प होते. आमचं आजोळचं जुनं गाव शिवसागराच्या तळाशी आहे. कोयनेचं पाणी चढलं तेव्हा निम्मी भावकी सांगली-सोलापूरकडे गेली. ते म्हणाले, "तिथं पाण्याखाली कुणाचं काय गेलं?"

गेलं होतं. त्या समुद्रातल्या हेरिंग माशावर जगणारे कोळी होते. पाणी गोडं झालं आणि हेरिंग संपला. सरकारनं मदतीचा कायदा केला होता, पण धंदा गेला तो गेलाच.

"आणि आता पोरं खेळतात त्याच्यावर."

"हो, मामा."

"खेळू देत."

एवढं बोलून त्यांनी हात वर केला. पलीकडच्या डोंगराखाली पाण्याचा एक पट्टा काळपट पडला होता, बारीक शहारे उठलेला, आणि आमच्याकडे सरकत होता. मला तो दिसायच्या आधी त्यांना दिसला. हिंदेलोपनला पहिल्या दिवशी शिक्षकानं मला हेच शिकवलं होतं: काळा पट्टा बघ, तिथून वारा येतोय.

"आलं बघ," मामा म्हणाले आणि बोटीचा दोर आवळायला उठले.