तुम्ही विचारलंत म्हणून: तो पेपर का काढला नाही

"एकदा जमलं होतं ना? मग पेपर का नाही काढलास?" मामा विचारतात, एमएस्सीच्या बॅचमधले विचारतात, लॅबमधले ज्युनियर चाचरत विचारतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये किटागावा, रॉब्सन आणि याघी यांना मॉफसाठी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हापासून तर जास्तच. "तुझाच विषय की गं!" हो, माझाच. धातूचे आयन आणि त्यांना सांधणारे सेंद्रिय रेणू, म्हणजे लिंकर, जोडून केलेले सच्छिद्र स्फटिक. मॉफ म्हणजे काय ते बातम्यांनी तुम्हाला सांगून झालंय, मी परत सांगत नाही. एक नवं मॉफ मला एकदाच जमलं, त्याच्या पेपरचं तेवढं सांगते, सविस्तर, म्हणजे पुन्हा कोणी विचारणार नाही.

जुलै होता, पुण्यात पावसाची झड लागली होती. झिंक नायट्रेट, आम्हीच बनवलेला नवा लिंकर आणि डीएमएफ हा द्रावक, असं व्हायलमध्ये घालून ओव्हनमध्ये ठेवलं होतं. बाहेर काढलं तर काचेला फिकट पिवळे स्फटिक चिकटलेले. मायक्रोस्कोपखाली पाहिलं: शंकरपाळ्यांसारखे चौकट, कडा धारदार, आरपार स्वच्छ. एका स्फटिकावर क्ष-किरण टाकून सिंगल क्रिस्टलचा डेटा घेतला, स्ट्रक्चर सुटलं. जाळीची अशी जोडणी आधी कोणी नोंदवलेली नव्हती. उरलेल्या मालावर कार्बन डायऑक्साइडचा आयसोथर्म घेतला, म्हणजे कोणत्या दाबाला किती वायू शोषला जातो ते मोजलं. तो एकदाच घेता आला, कारण माल तेवढाच होता. त्या रात्री हॉस्टेलवर मला झोप आली नाही.

पुढच्या खेपेला पांढरी पावडर आली. त्याच्या पुढच्याही. पावडर एक्सआरडीत, म्हणजे पावडरीच्या क्ष-किरण तपासणीत, लहान कोनातलं ते मोठं शिखर, ज्यावरून जाळी ओळखायची, ते गायब. मग लक्षात आलं की डीएमएफची जुनी बाटली त्याच सुमारास संपली होती. डीएमएफ जुनं झालं, ओल धरली, की हळूहळू तुटतं. त्यातून डायमिथाइलअमाईन आणि फॉर्मिक आम्ल सुटतं. झाकण उघडलं की मासळीसारखा वास येतो. हे अमाईन लिंकरचा प्रोटॉन काढतं आणि फॉर्मिक आम्ल स्फटिकांची वाढ संथ करतं, म्हणजे दोन्ही गोष्टींनी फरक पडू शकतो. मी नव्या डीएमएफमध्ये दोन्ही मोजून घातली. पाणी थेंबाथेंबाने वाढवलं. तापमान, लायनर, ओव्हन थंड करायचा वेग, सगळं बदलून पाहिलं. पुढचा जुलै आला तेव्हा हवेतली ओल तरी मदत करेल म्हणून व्हायल उघड्यावर भरल्या. कधी चपट्या पापड्या आल्या, कधी ओळखीचं, आधीच छापून आलेलं मॉफ आलं. ते पिवळे स्फटिक आले नाहीत.

गाईड म्हणाले, "स्ट्रक्चर खरं आहे, आयसोथर्म खरा आहे. लिहून टाक." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना ग्रँटचा अहवाल द्यायचा होता, मला पोस्टडॉकसाठी अर्ज करायचे होते. पण पेपरमध्ये कृतीचा भाग असतो. अमुक इतकं घ्या, इतक्या तापमानाला इतका वेळ ठेवा, स्फटिक मिळतील. हे वाक्य मी कोणत्या तोंडाने लिहायचं होतं? कुठल्यातरी लॅबमधली पहिल्या वर्षाची मुलगी ते वाचून सहा महिने घालवेल आणि आपल्याच हातात दोष आहे असं समजेल. मी स्वतः दुसऱ्यांच्या पेपरांवर असे महिने घालवलेत. २०२० साली मॉफच्या पुनर्निर्मितीवर एक अभ्यास आला होता. बहुतेक नोंदी मोजक्या प्रसिद्ध मॉफच्याच, बाकी कित्येक पुन्हा कोणी बनवल्याची नोंदच नाही. ते वाचून मला माझं म्हणणं जास्तच पटलं.

आता जे मी सहसा बोलत नाही ते. दुसऱ्या वर्षातली मी आज समोर आली तर भांडेल. म्हणेल, क्रिस्टल खोटं बोलत नाही, तू ते पाहिलंस, मग जगापासून लपवून काय मिळवलंस? "पुन्हा जमत नाही" असं स्पष्ट लिहून छापलं असतं, तर माझ्यापेक्षा हुशार कोणीतरी कारण शोधलं असतं. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. असं वाक्य घातलेला पेपर रिव्ह्यूअरने परत पाठवला असता, एवढंच मी म्हणते. पण पाठवून पाहिला नाही, हेही खरं.

किंमत मोजलीच. पाच वर्षांनी फेलोशिप थांबली. महिन्याचे ४२,००० रुपये आणि वरचा घरभाडं भत्ता गेला, तेव्हा संध्याकाळी बारावीच्या क्लासवर शिकवायला लागले. थीसिस दुसऱ्या दोन मॉफवर उभा राहिला. पिवळ्या स्फटिकांचं प्रकरण मी त्यात शेवटी घातलंय. स्ट्रक्चर, आयसोथर्म, आणि न जमलेल्या प्रत्येक खेपेचा तक्ता, डीएमएफच्या बॅच नंबरसकट. गाईडनी सही केली, पण "यावरून व्हायव्हात ताणतील" असंही म्हणाले.

ताणू देत. मला भीती वेगळीच आहे. उद्या दुसऱ्या कुठल्या लॅबमधून हेच स्फटिक, हीच जोडणी छापून आली, तर तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल. तेव्हाही मी इतक्याच ठामपणे बोलेन की नाही, हे आज मला सांगता येत नाही.