गियर मऊ पडतो म्हणजे चांगला पडतो असं नाही

"दादा, आधी हिचे गियर धाडकन पडायचे. मग एकांनी ते मऊ करून दिले. काही महिने छान चालली. आता तिसरा लवकर पडतच नाही, नुसती रेस वाढत राहते आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखं होतं."

गाडीच्या मालकीणबाईंनी तक्रार अशी सांगितली, आणि ती ऐकतानाच माझं लक्ष मधल्या वाक्यावर अडकलं. मऊ करून दिले म्हणजे नेमकं काय केलं? गाडी वीस वर्षांहून जुनी, चार गियरची ऑटोमॅटिक. हिच्यात गियर कधी बदलायचा ते संगणक ठरवतो, पण तेलाचा दाब किती द्यायचा ते ठरवते थ्रॉटलपासून, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेपासून, गियरबॉक्समध्ये उतरणारी एक केबल. नव्या गाड्यांत हे कामही संगणकच करतो आणि क्लचच्या प्लेटा (तेलाच्या दाबाने एकमेकींना धरून गियर लावणाऱ्या चकत्या) झिजतील तसा दाब स्वतः जुळवून घेतो. या गाडीत ती सोय नाही. इथे केबल जिथे बसवाल तिथेच दाब राहणार, प्लेटा टिकोत की जळोत.

ताईंना दुसऱ्या एका ठिकाणी पूर्ण गियरबॉक्स उघडायला सांगितलं होतं. उघडायचा की नाही हे मी मोजल्याशिवाय कधीच सांगत नाही.

आधी तेल. इंजिन चालू ठेवून, तेल ७०-८० अंशांपर्यंत तापल्यावर पातळी मोजायची दांडी काढली. पातळी बरोबर होती, रंग तपकिरी, वास जुना पण करपलेला नाही. करपलेल्या प्लेटांचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, आणि तो इथे नव्हता. मला पहिला धीर तिथे आला.

मग न्यूट्रलमधून ड्राइव्ह आणि न्यूट्रलमधून रिव्हर्स टाकून, गियर धरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहिलं. या जातीच्या गियरबॉक्सला ड्राइव्ह १.२ सेकंदांच्या आत आणि रिव्हर्स १.५ सेकंदांच्या आत धरावा लागतो. दोन्ही हद्दीत होते, फक्त रिव्हर्स धरताना सगळी गाडी हादरत होती. आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन किती फेऱ्यांवर फिरतं ते पाहिलं, तर हजाराच्या वर. इतक्या फेऱ्यांवर क्लच धरला तर धक्का बसणारच, त्यात गियरबॉक्सचा काय दोष? हवेचा एक रबरी पाइप वाकणावर चिरला होता आणि थ्रॉटल बॉडीत काळा थर साचला होता. खाली गियरबॉक्सचं मागचं माउंटिंग रबर फाटून लोखंडाला टेकलं होतं. पाइप बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली, माउंटिंग नवं घातलं. रिव्हर्सचा दणका तिथेच गेला. या कामात गियरबॉक्सला हातही लागला नव्हता, आणि जुन्या गाड्यांच्या निम्म्या तक्रारी मला इथेच संपताना दिसतात.

आता खरा मुद्दा. गियरबॉक्सच्या अंगावर दाब मोजायचं एक तोंड असतं. तिथे मीटर जोडला. आयडलिंगला दाब ठीक आला. मग चाकांना अडसर लावून, हँडब्रेक आणि पायातला ब्रेक पक्का दाबून, पूर्ण रेस देऊन पाहिलं. ही चाचणी पाच सेकंदांच्या वर कधीच करायची नाही, कारण इंजिनची सगळी ताकद तेव्हा कन्व्हर्टरमधल्या, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गियरबॉक्सला देणाऱ्या भागातल्या, तेलाला तापवण्यात जाते. दाब ड्राइव्हमध्येही कमी आला, रिव्हर्समध्येही. पंप थकला असता तर आयडलिंगलाही दाब पडलेला दिसला असता. आयडलिंगला बरोबर आणि रेस दिल्यावर कमी, याचा अर्थ इंजिन किती जोर लावतंय ही बातमी गियरबॉक्सपर्यंत पोचतच नव्हती.

केबलवर बोट ठेवायला मग वेळ लागला नाही. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबलच्या रबरी टोपीच्या टोकात आणि तारेवरच्या मण्यात शून्य ते एक मिलिमीटर अंतर हवं. इथे नटच फिरवून केबल सैल सोडलेली होती. ‘मऊ करून दिले’ ते हे.

यावर मला खरोखर संताप येतो. दाब कमी केला की प्लेटा एकमेकींना हळूहळू धरतात, मधला घसरण्याचा काळ लांबतो, धक्का जाणवत नाही आणि गाडीवाल्याला वाटतं काम फक्कड झालं. पण त्या प्रत्येक लांबलेल्या घसरणीत प्लेटांवरचं अस्तर तापतं. गियर कसा पडतो हे जाणवतं तितकं तापमान जाणवत नाही. चांगला गियर मऊ नसतो, तो थोडक्यात आणि ठाम पडतो, आणि तरीही मान हलत नाही. हे दोन्ही एकत्र साधण्यासाठीच आतली सगळी यंत्रणा रचलेली असते. तिला बाजूला ठेवून नुसता दाब उतरवणं हा आजार झाकण्याचा प्रकार आहे.

केबल मापात आणली आणि पुन्हा मीटर लावला. दाब पुस्तकाप्रमाणे आला. पूर्ण रेसवर इंजिनच्या फेऱ्याही आता ड्राइव्ह आणि रिव्हर्स दोन्हींत हद्दीत थांबल्या. रिव्हर्सचं मला विशेष महत्त्व होतं, कारण या गियरबॉक्समध्ये तिसऱ्या गियरला जो क्लच धरतो तोच रिव्हर्सलाही धरतो. पूर्ण ताकद लावूनही तो रिव्हर्समध्ये घसरला नाही, म्हणजे त्याच्या प्लेटा अजून जिवंत होत्या.

ताईंना शेजारी बसवून चक्कर मारली. रेस वाढून लटकणं गेलं होतं. पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा दणका बसला की त्यांनी दाराची मूठ धरली.

"दादा, हे तर पहिल्यासारखंच झालं. याच्यापेक्षा आधीचं बरं होतं."

मी म्हटलं, "ताई, हाच तुमचा मूळ आजार. तो झाकला होता, आता दिसायला लागला. आता तो शोधता येईल."

त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी गाडी ठेवली. अशा वेळी मालकाने दाखवलेल्या विश्वासाची मला फार किंमत वाटते. गाडी बिघडवून परत दिल्यासारखंच ते दिसतं.

पहिल्यातून दुसऱ्यात ठीक, तिसऱ्यातून चौथ्यात ठीक, फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात दणका. दाब सगळ्यांना सारखाच मिळत असताना एकच गियर आपटतो, तेव्हा दोष त्या एका क्लचच्या वाटेवर असतो. त्या वाटेवर असतो ॲक्युम्युलेटर. क्लचकडे जाणाऱ्या तेलाच्या मार्गाला जोडलेलं एक नळकांडं, आत दट्ट्या, आणि दट्ट्याला रेटून धरणारी स्प्रिंग. क्लच भरत असताना थोडं तेल इकडे वळतं, दट्ट्या स्प्रिंगविरुद्ध सरकत जातो, आणि तो सरकत असेपर्यंत क्लचवरचा दाब एकदम न चढता बेताने चढतो. सगळा खेळ सेकंदाच्या एका अंशात उरकतो. प्रवाशाला आपण ज्याला सुखाचा गियर म्हणतो तो या अंशात घडतो.

चेंबर, म्हणजे गियरबॉक्सच्या तळाची तेलाची परात, खोलला. लोहचुंबकावर करडी, बारीक लुगदी होती, ती या वयात असतेच. चमकणारे तुकडे नव्हते. वाल्व्ह बॉडी, म्हणजे तेल कुठल्या क्लचकडे वळवायचं ते ठरवणारा वाल्व्हांचा ठोकळा, उतरवताना तिचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलाने पुठ्ठ्यावर तिचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी एकेक बोल्ट खोचला. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर गियरबॉक्सचं बाहेरचं कवचच फुटतं. मग ॲक्युम्युलेटरच्या तोंडावर कापड धरून मागच्या छिद्रातून बेताची हवा सोडली. दट्ट्या कापडात आला, आणि पाठोपाठ स्प्रिंगचे दोन तुकडे.

मुलगा ते तुकडे हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. एवढीशी स्प्रिंग. ती मोडल्यावर दट्ट्याला अडवणारं काहीच उरलं नाही. तेल येताच तो थेट तळाला जायचा आणि उरलेला सगळा दाब एकदम क्लचवर. दट्ट्याचं रबरी कडंही कडक होऊन चपटं झालं होतं. स्प्रिंग, दट्ट्या आणि बाकीच्या ॲक्युम्युलेटरांची रबरंही बदलली, कारण तीही त्याच वयाची. वाल्व्ह बॉडी खाली असतानाच त्या क्लचच्या मार्गात हवा सोडून पाहिली. ‘थप’ असा एकच भरीव आवाज आला, हवा गळल्याची सुसू नाही. तेवढ्यावर मी गियरबॉक्स उतरवायचा नाही असं ठरवलं. बोल्ट परत बसवताना टॉर्क पाना हवाच. १० न्यूटन-मीटर हे माप हाताच्या अंदाजाने येत नाही, आणि वाल्व्ह बॉडी वाकडी आवळली तर आतले वाल्व्ह अडकतात.

तेलाबद्दल ताईंनी विचारलंच, जुन्या गियरबॉक्सचं तेल बदललं की तो बंद पडतो म्हणतात. हे मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. बहुतेक वेळा प्लेटा आधीच घसरायला लागलेल्या असतात, तेव्हा घाईघाईने तेल बदललं जातं, आणि मग दोष तेलावर येतो. इथे प्लेटा शाबूत असल्याचं मोजून कळलं होतं, तेव्हा भीती नव्हती. मात्र यंत्राने दाबून सगळं धुऊन काढणं मी टाळलं. चेंबरमधून दोनेक लिटर निघतं, गियरबॉक्स आणि कन्व्हर्टर मिळून सात लिटरांच्या वर असतं. म्हणून नवं फिल्टर घालून भरलं आणि पुढच्या बदलांच्या तारखा लिहून दिल्या, म्हणजे जुनं तेल टप्प्याटप्प्याने निघेल. तेल निर्मात्याने सांगितलेल्या जातीचंच. त्यात मिसळलेली घर्षण सांभाळणारी द्रव्यं वेगळी असली तर एवढं सगळं करूनही गियर खडबडीत पडू शकतो.

दुसऱ्या चकरीला गाडी ताईंनाच चालवायला दिली. चढावर जोर देऊन, सपाटीला पाय हलका ठेवून, तेल पूर्ण तापेपर्यंत. तिसरा कधी पडला ते त्यांना फेऱ्यांचा काटा खाली आलेला पाहूनच कळायचं. थंड गाडीत पहिल्यातून दुसरा अजून किंचित ठाम पडतो, तेही त्यांच्या लक्षात आलं. तो आणखी हलका करता येईल का, असं त्यांनी विचारलं. केबल अर्धा फेरा सोडली की झालं असतं. मी नाही म्हटलं, आणि केबलच्या नटावर रंगाची खूण करून दिली, म्हणजे पुढे कुणी तो फिरवला तर लगेच दिसेल.