गोव्यातल्या नवरा-बायकोचा रिफंड कुठे अडकतो

गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडाखाली (पोर्तुगीज काळापासूनचा कायदा, ज्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते) येणाऱ्या जोडप्याचा इन्कम टॅक्स रिफंड रखडला की घरात बँक खात्याची तपासणी सुरू होते. ती करावीच. मात्र आधी दोघांची रिटर्नं शेजारी शेजारी ठेवा, कारण अडचण बहुधा त्यांच्या मेळात असते.

१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ५ए म्हणतं की सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत असलेल्या पती-पत्नींचं घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज हे सगळं दोघांत निम्मं-निम्मं धरायचं. पगार तेवढा ज्याचा त्याच्याकडे. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला असेल तर हे कलम लागत नाही, म्हणून तो कागद आहे का ते पाहा.

उत्पन्न वाटलं जातं, पण टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) अख्खा दिसतो. समजा नवऱ्याच्या एफडीवर १,२०,००० रुपये व्याज आलं आणि बँकेने १२,००० कापले. नवऱ्याने ६०,००० उत्पन्न आणि ६,००० टीडीएस दाखवायचा, बायकोनेही तेवढाच. तिला दुसरं उत्पन्न नसेल तर तिचे ६,००० परत मिळतात, पण त्यासाठी तिने स्वतः रिटर्न भरायलाच हवं. ते राहूनच जातं, आणि हक्काचे पैसे सरकारकडे पडून राहतात याचं फार वाईट वाटतं.

अशांना आयटीआर-१ चालत नाही. धंदा नसेल तर आयटीआर-२, असेल तर आयटीआर-३. सुरुवातीच्या भागात पोर्तुगीज सिव्हिल कोडाचा प्रश्न असतो, तिथे ‘होय’ म्हणायचं आणि शेड्यूल ५ए भरायचं: जोडीदाराचं नाव, पॅन आणि प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नातला व टीडीएसमधला त्याचा वाटा. एवढ्यावर थांबू नका. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये नवऱ्याने त्या नोंदीपुढे ६,००० स्वतःचे आणि ६,००० बायकोच्या पॅनवर सोडायचे. बायकोने आपल्या रिटर्नमध्ये तेच ६,००० ‘जोडीदाराच्या नावे कापलेले’ म्हणून नवऱ्याच्या पॅनसह घ्यायचे. नवऱ्याने ते सोडलेच नाहीत तर बायकोच्या दाव्याला आधार उरत नाही; तिच्या २६एएसमध्ये तर काहीच नसतं. दोघांनीही पूर्ण १२,००० मागितले तर तफावत निघणारच.

रिटर्न ३० दिवसांत ई-व्हेरिफाय झालंय का, दोघांचे पॅन आधारशी जोडलेत का, हेही बघा. पॅन निष्क्रिय असेल तर रिफंड मिळत नाही आणि त्या काळाचं व्याजही नाही. लग्नानंतर पॅनवर एक आडनाव आणि बँकेत दुसरं असेल तर खात्याचं प्री-व्हॅलिडेशन (रिफंडआधी पोर्टलवर होणारी खात्याची पडताळणी) अडतं. जॉइंट खात्यापेक्षा प्रत्येकाने पहिलं नाव आपलं असलेलं खातं द्यावं.

सीपीसीला (आयकर खात्याचं रिटर्न तपासणारं केंद्र) प्रोसेसिंगसाठी रिटर्न भरलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात. म्हणजे जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२६. वेळेत भरलेल्या रिटर्नच्या रिफंडवर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. रिफंड ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळत नाही. हे व्याज करपात्र आहे.

चूक सापडली आणि मुदत असेल तर ज्याचं चुकलं त्याने रिव्हाइज्ड रिटर्न भरावं. कलम १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासल्याची सूचना) येऊन टीडीएस कमी धरला असेल तर आयकर पोर्टलवर सर्व्हिसेसमधून रेक्टिफिकेशन (दुरुस्तीचा अर्ज) टाका, प्रकार टॅक्स क्रेडिट मिसमॅच. रिटर्न नुसतं थांबून राहिलेलं असेल तर ग्रीव्हन्स (तक्रार) नोंदवा आणि त्यात दोन्ही पॅन व दोन्ही पावती क्रमांक लिहा. एकाचेच दिले तर तपासणाऱ्याला अर्धंच चित्र दिसतं.

अपडेटेड रिटर्न (नेहमीच्या मुदती उलटल्यावर भरायचं रिटर्न) भरून रिफंड मागता येत नाही. बायकोचं जुनं रिटर्न राहूनच गेलं असेल तर कलम ११९(२)(ब) खाली विलंबमाफीचा अर्ज करा. त्या कर निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो, मात्र अशा रिफंडवर व्याज नाही.

पुढच्या वर्षीसाठी बँकेला नियम ३७बीए(२) प्रमाणे लेखी निवेदन द्या: जोडीदाराचं नाव, पत्ता, पॅन, कोणती एफडी आणि कारण. बँकेने ते नोंदवलं की अर्धा टीडीएस थेट बायकोच्या २६एएसमध्ये दिसायला हवा. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या आणि तिमाही संपल्यावर नोंद खरंच आली का ते पाहा.