क्लिअर अंडी आणि थांबवलेला टेम्पो

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विट्याच्या एका हॅचरीतून फोन आला. आठव्या दिवसाच्या कँडलिंगला, म्हणजे अंडी दिव्यावर धरून तपासताना, क्लिअर अंडी नेहमीच्या दुपटीहून जास्त निघाली होती. "डॉक्टर, कोंबडं कामाचं ऱ्हायलं न्हाईत. उद्या टेम्पो बोलवलाय, समदं नर काढून टाकतो," मालक म्हणाले. मी म्हटलं, टेम्पो थांबवा, आणि क्लिअर अंडी फेकू नका.

"क्लिअर" या शब्दानेच घोटाळा होतो. दिव्यावर धरल्यावर आत शिरा दिसल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अंडं फळलंच नाही, असा नव्हे. ते कळायला अंडं फोडावंच लागतं.

तीस अंड्यांचा एक ट्रे घेतला. अंडं रुंद टोकाकडून फोडायचं. तिथे हवेची पोकळी असते, त्यामुळे बलकाला धक्का लागत नाही. पातळ पापुद्रा चिमट्याने काढला की बलकावरचा ठिपका, जिथून पिल्लू घडतं तो, बहुधा वरच असतो, कारण तो भाग हलका असतो. खरोखर बांझ निघाली फक्त 4: बलक घट्ट, वर दोनेक मिलिमीटरचा ओबडधोबड पांढरा ठिपका. 19 अंड्यांत बलकावर दुधावर साय धरावी तसा मळकट पांढरा पापुद्रा पसरला होता, रक्ताचा मागमूस नाही. ही पहिल्या दीड-दोन दिवसांत मेलेली. उरलेल्या 7 मध्ये तांबडं कडं, म्हणजे रक्त तयार झाल्यावर, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान गेलेली. तीसपैकी 26 अंड्यांत नराने आपलं काम चोख केलं होतं.

मालकांचा विश्वास बसेना. शेजारच्या सेटरमधलं, म्हणजे अंडी उबवायच्या मशीनमधलं, तीन दिवसांचं एक जिवंत अंडं त्यांच्यासमोर उघडलं. पिंपळपानाच्या शिरांसारखं रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं हृदय टकटक उडतंय. "आयला, जित्तं हाय की हे," एवढंच बोलून ते बराच वेळ बघत राहिले.

हॅचरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असायलाच हवी: 21 दिवसांची मोजणी सेटरपासून सुरू होते, पिल्लाची घडण मात्र कोंबडीच्या पोटातच. बीज सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटांत फलन होतं, तेव्हा ती एकच पेशी असते. साधारण पाच तासांनी तिचे दोन भाग होतात. विभागणी फक्त त्या ठिपक्यात चालते. बलक म्हणजे नुसती शिदोरी. कवच चढायला वीसेक तास लागतात, तोवर पेशी वाढतच असतात. अंडं घातलं जातं तेव्हा ठिपक्यात हजारो पेशींचा थर तयार असतो. अंडं 20-21 अंशांखाली गेलं की हा थर झोपी जातो आणि सात दिवसांपर्यंत तग धरतो. सेटरच्या 37.5 अंशांत अठरा तासांच्या आसपास आदिरेषा, म्हणजे गर्भाच्या घडणीची पहिली रेघ, पूर्ण उमटलेली असते, पेशी त्या रेषेतून आत उतरून थर लावतात आणि दुसऱ्या दिवशी हृदय हलू लागतं. रेषा उमटू लागल्यावर पुन्हा गारठा बसला की गर्भ कच्चा पडतो. त्याला थांबणं सोसत नाही.

त्याच सेटरमधली दुसऱ्या फार्मची अंडी ठीक होती, म्हणजे मशीनचा दोष नव्हता. मग सेटरला न लावलेली दहा ताजी अंडी फोडली. फळलेल्या ताज्या अंड्यात ठिपका चारेक मिलिमीटरचा, मध्ये स्वच्छ आणि कडेने पांढरं कडं असा दिसतो. इथे काहींत तो सहा-सात मिलिमीटर पसरला होता. म्हणजे अंडी साठवायच्या गार खोलीत येण्याआधीच वाढ सुरू झालेली.

फार्मवर गेल्यावर उलगडा झाला. अंडी दिवसात दोनदाच गोळा होत. कोंबडीच्या अंगातून अंडं 41 अंशांच्या आसपासची ऊब घेऊन येतं. ते दुपारभर खुराड्यातच, वर दुसऱ्या कोंबड्या बसलेल्या. मग कागदी ट्रे आठ-आठ थरांनी रचून पडवीत, संध्याकाळी खोलीत. खोलीचा काटा 18 दाखवत होता, पण तो एसीच्या तोंडाशी होता. मी थप्पीच्या मधल्या ट्रेत थर्मामीटर खोचला: 27. शिवाय आजची गरम अंडी कालच्या गार अंड्यांना खेटून लावलेली. रोज थोडी ऊब, पुन्हा गारवा.

उपाय साधेच सांगितले. उन्हाळ्यात दिवसात पाच वेळा गोळा करा, पैकी तीन दुपारच्या आत. ताजी अंडी एकेरी थरात, वाऱ्याला ठेवून थंड होऊ द्या, मगच रचा. काटा दाराकडच्या रॅकवर, अंड्यांच्या उंचीवर. आणि सेटरला लावताना थेट गारव्यातून नेऊ नका, काही तास बाहेर ठेवा, नाहीतर अंड्याला घाम फुटतो आणि छिद्रांतून जंतू आत जातात.

मालकांनी तिथूनच टेम्पोवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं. सेटरवर आधीच चढलेल्या अंड्यांना मात्र इलाज नव्हता. पुढचे दोन लॉट कमीच निघणार, पिल्लांची मागणी घेताना तसं धरून चाला, हे त्याच दिवशी बजावून ठेवलं.