बरब्बाचं पुढं काय झालं?

"पण त्या बरब्बाचं पुढं काय झालं ओ?"

गुड फ्रायडेची उपासना संपवून भर तीनच्या सोलापुरी उन्हात रिक्षाची वाट बघत होतो. शेजारच्या मावशींनी विचारलं. बरब्बा म्हणजे येशूला क्रुसावर देताना त्याच्याऐवजी लोकांनी सोडवून घेतलेला कैदी.

म्हटलं, चारही शुभवर्तमानांत (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत) तो आहे, पण सुटकेच्या पुढचं काहीच नाही.

पदरानं मान पुसत म्हणाल्या, "आपण आपलं म्हणतो, येशू माझ्यासाठी मेला. बरब्बाच्या जागी तर खरोखरच मेला की! त्याला कळलं तरी असेल का?"

रिक्षा आली, त्या गेल्या.

‘पूर्ण झाले आहे’ हे येशूचं क्रुसावरचं वाक्य ऐकताना माझे डोळे भरले होते (दरवर्षी भरतात). खंडणी (येशूनं आपल्या पापांसाठी भरलेली किंमत), तारण (पापांतून सुटका), सगळं तोंडपाठ. हा सुटलेला माणूस मात्र कधी मनातच आला नव्हता.

रात्री शेंगाचटणी-भाकरीचा घास हातातच राहिला. त्या संध्याकाळी बरब्बा घरी जाऊन जेवला असेल का?