आधी गवत, मग मेंढरं

साउथलँड म्हणजे न्यूझीलंडचं दक्षिण टोक. इथे पाऊस वर्षभर पडतो, पण गवत वर्षभर सारखं वाढत नाही. मी काम करतो त्या फार्मचं सगळं गणित एवढ्या एका गोष्टीवर चालतं. ऋतूही आपल्या उलटे: सप्टेंबरात वसंत, जूनमध्ये कडाका.

कुरणात मुख्यतः रायग्रास हे चाऱ्याचं गवत आणि पांढरा क्लोव्हर ही शेंगवर्गीय वनस्पती. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात. खरी गंमत रायग्रासची. एक फुटवा, म्हणजे बुडातून फुटलेली एक काडी, उपटून बघा, जिवंत पानं साधारण तीनच असतात. चौथं येतं तेव्हा सगळ्यात जुनं पिवळं पडून मरतं. म्हणून तिसरं पान भरलं की मेंढरं आत सोडायची. उशीर झाला तर चारा वाया जातो. घाई त्याहून वाईट. चरून गेल्यावर नवं पान फुटतं ते बुडख्यात साठवलेल्या साखरेच्या जोरावर. दुसरं पान यायच्या आत पुन्हा तोंड लागलं तर ती शिल्लक संपते आणि मुळं खुरटतात. वसंतात पान आठवड्या-दीड आठवड्यात येतं, थंडीत तीन-चार आठवडेही घेतं. त्यामुळे कुंपणाने पाडलेल्या कुरणाच्या कुठल्या कप्प्याची पाळी कधी, हे रोज वाकून बघितल्याशिवाय कळत नाही.

मेंढी अगदी जमिनीलगत कुरतडते. चार-पाच सेंटिमीटरच्या खाली तिला जाऊ द्यायचं नाही, कारण साखरेचा साठा तिथेच आणि जंतांच्या अळ्याही बहुतेक तिथेच. फार खाली चरवलं की कोकरं खंगतात. मागून गुरं सोडली तर फार फायदा होतो: जुनं, राठ गवत ती साफ करतात, आणि मेंढ्यांचे बहुतेक जंत गुरांच्या पोटात टिकत नाहीत.

सप्टेंबरात कोकरं येतात तेव्हा कळप हलवत नाही, मेंढ्या पांगवून ठेवतो. हलवलं तर आया आणि पिल्लांची ताटातूट होते. पुढे नोव्हेंबरात गवत आवरेनासं होतं, निसवायला लागतं, म्हणजे त्याला तुरे येतात. मग काही कप्पे बंद करून त्यांचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेला चारा, करायचा.

हिवाळ्यात वाढ जवळजवळ थांबते. त्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडालाच स्वीड हे सलगमसारखं कंदाचं पीक पेरलेलं असतं. विजेची तार रोज थोडी पुढे सरकवून दिवसापुरतीच पट्टी मोकळी करतो. ओल्या कुरणात कळप ठेवला तर खुरांनी चिखल होतो आणि वसंतात तिथे तण माजतं.

सध्या मार्च आहे, आणि माझ्या मते वर्षातला सगळ्यात कठीण निर्णय याच महिन्यातला. एप्रिलमध्ये मेंढ्यांत एडके, म्हणजे नर, सोडायचे. त्याआधी मेंढ्यांना भरपूर चारा मिळाला तर जुळी जास्त धरतात. पण हेच गवत हिवाळ्यासाठी आणि पुढच्या विणीसाठी राखायलाही हवं. दोन्ही साधायचं तर खाणारी तोंडं कमी करावी लागतात. म्हणून उरलेली कोकरं, थोडी हलकी असली तरी, या आठवड्यात विक्रीला जातायत.